४० ग्रे, ५० ग्रे, २६ ग्रे : शेकाच्या मात्रेतला वेळेचा हिशेब

पेन्सिल_पट्टी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. वहिनींच्या स्तनाच्या कर्करोगाचे शेक, म्हणजे किरणोपचार, नुकतेच संपले होते आणि फाइलमधला आकडा पाहून तो अस्वस्थ झाला होता. "मावशीला पंधरा वर्षांपूर्वी २५ दिवस शेक होता, ५० ग्रे दिले होते. हिला १५ दिवसांत ४०च दिले. वरचे १० ग्रे कुठे गेले? पैसे तर पूर्ण घेतले." किरणोपचार विभागात भौतिकतज्ज्ञ म्हणून आयुष्य काढूनही मला फोनवर त्याचे समाधान करता आले नाही, कारण ग्रे हे किलो-लिटरसारखे माप आहे आणि १० कमी म्हणजे १० कमीच, असे त्याने मनाशी धरले होते. ते कुठे चुकते हे सवडीने लिहावे म्हणून हा धागा.

मुळात आपला 'शेक' हा शब्दच थोडी फसगत करतो. एक ग्रे म्हणजे एक किलो ऊतीने शोषलेली एक ज्यूल ऊर्जा. २ ग्रेच्या एका शेकाने ऊतीचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागाइतकेही वाढत नाही. पोटावर ठेवलेली गरम पाण्याची पिशवी याच्या कितीतरी पट ऊर्जा देते. किरणांची ऊर्जा थोडी असली तरी ती डीएनएच्या धाग्यांवर नेमक्या ठिकाणी साठून पडते. एका ग्रेने एका पेशीत एकच धागा तुटल्याच्या सुमारे हजार, तर दोन्ही धागे एकाच जागी तुटल्याच्या सुमारे ४० जखमा होतात. यांतल्या बहुतेक जखमा पेशी काही तासांत सांधते. ती मरते ती चुकीच्या सांध्यांमुळे, म्हणजे एका गुणसूत्राचे टोक दुसऱ्याला जोडले गेल्यामुळे, आणि तेही बहुधा पुढच्या विभाजनाच्या वेळी मरते.

असा चुकीचा सांधा दोन वाटांनी पडू शकतो. एकाच किरणाच्या वाटेत दोन्ही तुटी झाल्या, तर पेशी मरण्याचे प्रमाण मात्रेच्या सरळ पटीत वाढते. दोन वेगळ्या किरणांनी जवळजवळ दोन तुटी केल्या, तर ते मात्रेच्या वर्गाच्या पटीत वाढते. पण त्यासाठी पहिली तूट सांधली जाण्याआधी दुसरी व्हावी लागते. वेळ हिशेबात शिरतो तो या दुसऱ्या वाटेने. पहिल्या वाटेच्या गुणकाला अल्फा आणि दुसऱ्याच्या गुणकाला बीटा म्हणतात, आणि रेषीय-वर्गीय प्रारूप म्हणतात ते एवढेच.

याचा प्रयोगशाळेतला पुरावा एल्काइंड आणि सटन यांनी १९५९-६०च्या सुमारास दिला. चिनी हॅमस्टरच्या पेशींना १५.५८ ग्रे एकदम दिले तेव्हा हजारातल्या सुमारे ५ पेशी जगल्या. तीच मात्रा जवळपास निम्मी निम्मी करून मध्ये दोन तास सोडले, तेव्हा हजारातल्या सुमारे २० जगल्या. मात्रा तेवढीच राहिली आणि जगलेल्या पेशी चौपट झाल्या.

---

सदाफुली

लेख आवडला, पण एक गोष्ट मला उलटी वाटते. मात्रा तुकड्यातुकड्यांनी दिल्यावर पेशी जास्त जगत असतील, तर गाठीच्या पेशीही जास्त जगणार. मग गाठीला सवलत देणारी ही पद्धत डॉक्टरांनी स्वीकारलीच कशासाठी? एकदाच मोठी मात्रा देऊन गाठ संपवणे अधिक शहाणपणाचे नव्हते का?

---

पेन्सिल_पट्टी

सदाफुलीताई, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत नेमका हाच वाद होता. जर्मनीतल्या अनेकांचा कल एकदाच मोठी मात्रा देण्याकडे होता. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉडियस रेगो यांनी एडक्यांच्या वृषणांवर प्रयोग केले. एकाच बैठकीत एडका वंध्य करायचा, तर वृषणकोशाची कातडी भाजून निघाल्यावाचून ते साधत नव्हते. तीच मात्रा काही आठवड्यांत वाटून दिली की एडका वंध्य होई आणि कातडी शाबूत राहत असे. सतत विभाजन पावणारे वृषण ही गाठीची प्रतिकृती आणि कातडी ही आपल्याला वाचवायची असलेली ऊती, असे त्यांनी मानले. आज वृषणाला गाठीची प्रतिकृती मानणे भाबडेपणाचे वाटते, तरी निष्कर्ष बरोबर निघाला. त्यांच्याच संस्थेत आंरी कुतार यांनी घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांना आठवडेच्या आठवडे थोडे थोडे शेक देऊन जे परिणाम मिळवले, त्यांनी वादाचा निकाल लावला.

कारण असे, की सवलत दोघांनाही मिळते, पण सारखी मिळत नाही. बऱ्याचशा गाठींत अल्फा-बीटा गुणोत्तर सुमारे १० ग्रे धरतात. मज्जारज्जू, मूत्रपिंड, आतड्याची भिंत अशा, ज्यांचे दुष्परिणाम महिन्यावर्षांनी दिसतात त्या ऊतींत ते सुमारे ३ ग्रे धरतात. गुणोत्तर जितके लहान, तितका वर्गाच्या वाटेचा वाटा मोठा, आणि तितकीच ती ऊती मोठ्या तुकड्याला अधिक भिते. म्हणून तुकडे लहान केले की गाठीला थोडी आणि मज्जारज्जूला भरपूर सवलत मिळते.

शिवाय गाठीच्या आतल्या, रक्तवाहिन्यांपासून दूर पडलेल्या पेशींना प्राणवायू कमी मिळतो आणि अशा पेशी मारायला अडीच ते तीनपट मात्रा लागते. आजच्या शेकात वरच्या सुस्थितीतल्या पेशी मेल्या, की उद्यापर्यंत आतल्या काही पेशींना प्राणवायू पोहोचतो आणि त्या उद्याच्या शेकाच्या तावडीत सापडतात. एकाच मोठ्या मात्रेत ही संधी मिळत नाही.

---

ओसरी

मी स्त्रीरोग-कर्करोग विभागात काम करते. मात्रादराचा, म्हणजे मात्रा किती वेगाने पडते याचा, विषय आमच्याकडे रोजचा आहे, म्हणून त्याबद्दल लिहिते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून शेक झाल्यावर गर्भाशयात नळी आणि योनिमार्गात दोन गोल साधने बसवून आतून किरण देतात, त्याला आम्ही ब्रॅकी म्हणतो. पूर्वीच्या मँचेस्टर पद्धतीत किरणांसाठी रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य वापरत, मात्रादर ताशी अर्ध्या ग्रेच्या आसपास असे आणि रुग्णबाईला दोन वेळा तीन-तीन दिवस एकटीने, कुशीवर न वळता, पडून राहावे लागे. एवढ्या मंद दराने किरण पडत असताना पेशी एकीकडे तुटते आणि एकीकडे सांधतही जाते. सांधण्याचा अर्धकाल साधारण तासाच्या घरात असल्यामुळे दोन किरणांच्या तुटी एकाच वेळी उघड्या सापडण्याची शक्यता फार कमी होते आणि बीटाची वाट जवळजवळ बंद पडते. एका अर्थाने मंद दर म्हणजे अगणित बारीक तुकड्यांत दिलेला शेक.

मँचेस्टरलाच पुढे रेडियम जाऊन सीझियमची यंत्रे आली आणि मात्रादर ताशी सुमारे १.४ ते १.८ ग्रे झाला. फरक तिपटीचा, मिनिटांच्या शेकापुढे तो किरकोळ वाटावा असा. पण मात्रा तीच ठेवली तेव्हा उशिरा दिसणाऱ्या इजा वाढल्या आणि एकूण मात्रा कमी करावी लागली. विद्यार्थ्यांना मात्रादराचे महत्त्व समजावताना मी आलेखाआधी हे सांगते.

आता आमच्याकडे इरिडियम आहे आणि ७ ग्रेचा एक तुकडा काही मिनिटांत संपतो, म्हणजे बीटाची वाट सताड उघडी. तरी ते सुरक्षित कसे, याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. ७ ग्रेचे ४ तुकडे, म्हणजे २८ ग्रे, २ ग्रेच्या शेकाच्या भाषेत आणले, म्हणजे तेवढ्याच परिणामाला २-२ ग्रेच्या शेकांनी एकूण किती मात्रा लागली असती ते पाहिले, तर गाठीसाठी सुमारे ४० ग्रेइतके होतात. मूत्राशय किंवा गुदाशयाला तेवढेच २८ मिळाले असते, तर त्यांच्यासाठी ते ५६ ग्रेइतके भरले असते, म्हणजे गाठीपेक्षा इजा त्यांनाच जास्त. पण साधने बसवल्यावर आम्ही गॉजची लांब पट्टी घट्ट भरून मूत्राशय पुढे आणि गुदाशय मागे ढकलतो. त्यांना ७च्या जागी ४.९ ग्रे, म्हणजे ७० टक्के, पोहोचले, तर ५६चा आकडा ३१वर येतो. मात्रा ३० टक्क्यांनी उतरली आणि परिणाम ४५ टक्क्यांनी. वर्गाची वाट इथे आपल्या बाजूने काम करते. नवीन निवासी डॉक्टरांना पॅकिंग कंटाळवाणे वाटते, तेव्हा मी त्यांना हे गणित कागदावर करायला लावते.

---

घाटमाथा

मी अभियंता आहे, वैद्यकातला नाही, तेव्हा अधिकाराबाहेर बोलत असेन तर सांभाळून घ्यावे. दोन स्थिरांकांच्या समीकरणावर इतका भरवसा मला खटकतो. २ ग्रेच्या आसपास ते चालत असेल, पण फुप्फुसाच्या लहान गाठीला १८ ग्रेचे ३ शेक देतात असे वाचले आहे. त्या मात्रेला वर्गाचे पद अवाढव्य होते. प्रत्यक्ष पेशींचा आलेख तिथेही तसाच वाकत जातो का?

---

पेन्सिल_पट्टी

नाही, आणि शंका रास्त आहे. मात्रा बरीच वाढवली की लघुगणकी कागदावर जगलेल्या पेशींचा प्रत्यक्ष आलेख सरळ रेषेकडे झुकतो, तर समीकरण त्याला वाकवतच नेते. त्यामुळे १८ ग्रेसारख्या तुकड्याचा परिणाम समीकरण फुगवून सांगण्याचा धोका असतो. एकूण ५४ ग्रेचे हे ३ शेक समीकरणात घातले, की अल्फा-बीटा १० धरून जैविक परिणामी मात्रा (अगदी बारीक तुकड्यांत दिली तर तेवढाच परिणाम करणारी मात्रा) १५१ निघते. ती २ ग्रेच्या शेकांत मांडली तर सुमारे १२६ ग्रे होतात. एवढी मात्रा नेहमीच्या पद्धतीने कोणी कोणाला दिलेली नाही, त्यामुळे तुलना तरी कशाशी करणार? इतक्या मोठ्या तुकड्याने गाठीच्या रक्तवाहिन्याही कोलमडतात असे काहींचे म्हणणे आहे. मात्र आकड्यांचा खुलासा करायला पेशींचे साधे मरण पुरेसे आहे असे म्हणणारेही तितकेच ठाम आहेत. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. १ ते साधारण ६ ग्रेच्या तुकड्यांपर्यंत समीकरण पट्टीसारखे वापरावे, त्यापुढे फक्त अंदाजासाठी, असा नियम मी स्वतःपुरता पाळत आलो.

---

पिंपळपार

माझा अनुभव जरा कडवट आहे. वडिलांना स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी ७ आठवडे, ३५ शेक ठरले होते. पाचव्या आठवड्यात रुग्णालयातले यंत्र बंद पडले आणि सलग ४ दिवस शेक झाला नाही. सुटा भाग यायचा आहे एवढेच उत्तर मिळे. "४ दिवसांनी काय होते, शेवटी वाढवून देऊ" असे सांगून त्यांनी ते ४ शेक शेवटी जोडले. दोन शेकांतल्या फटीने पेशी सांधतात असे इथे वाचले. मग ४ दिवसांच्या फटीने नेमके काय होते?

---

पेन्सिल_पट्टी

आपल्या वडिलांच्या बाबतीत काय झाले असेल ते मी सांगू शकत नाही, पण प्रश्नातली यंत्रणा सांगतो. तुटी सांधण्याचे काम पहिल्या दिवसातच जवळजवळ पुरे होते, त्यामुळे १ दिवस काय आणि ४ दिवस काय, त्या बाबतीत सारखेच. लांबलेल्या खंडाने जे होते ते वेगळे असते. उरलेल्या पेशी वाढतात.

डोके-मानेच्या कर्करोगात उपचार सुरू झाल्यावर सुमारे ४ आठवड्यांनी उरलेल्या पेशींचा वाढीचा वेग वाढतो, असे विदर्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवले. त्यानंतरचा प्रत्येक दिवस भरून काढायला सुमारे ०.६ ग्रे जादा लागतात, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे ४ दिवसांचे अडीच ग्रेच्या आसपास. व्यवहारात असे धरतात की उपचार एक दिवस लांबला की गाठ काबूत राहण्याचे प्रमाण सुमारे १ ते दीड टक्क्याने घटते. म्हणून शेवटी शेक जोडण्यापेक्षा, ठरलेल्या तारखेलाच उपचार संपतील असे पाहणे चांगले: शनिवारी शेक द्यावा, किंवा काही दिवस किमान ६ तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा द्यावा. तुकडा मोठा करून वेळ भरून काढणे हा धोक्याचा मार्ग, कारण त्याची किंमत मज्जारज्जू आणि गिळण्याच्या स्नायूंना मोजावी लागते.

वेळ मुद्दाम आवळण्याचे प्रयोगही झाले आहेत. ब्रिटनमधल्या चार्ट पद्धतीत दिवसातून ३ वेळा दीड ग्रे, शनिवार-रविवार न सोडता, १२ दिवसांत ३६ शेक आणि ५४ ग्रे दिले गेले. एकूण मात्रा नेहमीच्या ६० ग्रेपेक्षा कमी असूनही फुप्फुसाच्या कर्करोगात २ वर्षे जगलेल्यांचे प्रमाण २० टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. मात्र त्याच पद्धतीच्या सुरुवातीच्या काही रुग्णांत मज्जारज्जूला इजा झाली, कारण मज्जारज्जूचे सांधकाम तासाभरात नव्हे तर कित्येक तासांत होते आणि ६ तासांची फट तिला अपुरी पडली. एकूण मात्रा निर्धोक वाटत होती. फसवले ते तासांनी.

---

तिरकी_रेघ

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी कोबाल्टचे यंत्र आहे. शेकाला सुरुवातीला एका बाजूने एक मिनिट लागे असे शेजारच्या काकू सांगतात, कारण त्यांचे उपचार यंत्र नवीन असताना झाले होते. आईला आता जवळजवळ दोन मिनिटे लागतात. मात्रादर निम्मा झाला तर वरच्या हिशेबाने तिच्या गाठीवर परिणाम कमी होणार नाही का?

---

पेन्सिल_पट्टी

हा प्रश्न मला बाह्यरुग्ण विभागात अनेकदा विचारला गेला आहे. कोबाल्टचा अर्धायुकाल ५.२७ वर्षे, म्हणजे तेवढ्या वर्षांनी त्याच मात्रेला दुप्पट वेळ लागणारच. आम्ही दर महिन्याला मात्रादर मोजून भिंतीवरचा तक्ता बदलत असू, त्यामुळे मिनिटे वाढतात ती मात्रा तेवढीच राहावी म्हणूनच. जैविक परिणाम बदलायला मात्र शेकाचा वेळ सांधकामाच्या वेळेच्या तोडीचा व्हावा लागतो. तासाच्या तुलनेत एक मिनिट काय नि दोन काय, त्या अवधीत पेशीने सुईत दोराही ओवलेला नसतो. आईंनी तेवढा वेळ अधिक न हलता पडून राहायला हवे, एवढाच खरा फरक. कोबाल्ट जुनाट झाले म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझे फारसे जमत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेले भाभाट्रॉन २००५ साली खारघरला बसले आणि त्यानंतर किती लहान गावांतल्या रुग्णांना त्या यंत्राने शेक घरापासून जवळ मिळवून दिला, ते मी पाहिले आहे.

---

घाटमाथा

मग दर जितका मंद, तितका परिणाम सौम्य, हा नियम अबाधित मानायचा?

---

ओसरी

एक गमतीचा अपवाद आहे. मिचेल, बेडफर्ड आणि बेली यांनी १९७९ साली हेला पेशींवर दाखवले की मात्रादर ताशी १.५४ ग्रेवरून ०.३७ ग्रेवर आणला, तेव्हा पेशी मरण्याचे प्रमाण उलट वाढले. हेला पेशी मुळात १९५१ साली बाल्टिमोरमध्ये एका रुग्णबाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या, म्हणजे आमच्याच विषयातल्या. जलद दरात पेशी आपल्या चक्रात जिथल्या तिथे थिजतात. मंद दरात त्या पुढे सरकत राहतात, पण जी-२ टप्प्याच्या (विभाजनाच्या अगदी आधीच्या) नाक्यावर येऊन अडतात, आणि तो टप्पा किरणांना फार हळवा असतो. नाक्यावर गर्दी जमते आणि किरण पडतच राहतात. दर आणखी खाली नेला, की नाका मोकळा होतो आणि पेशी विभागूही लागतात.

---

सदाफुली

आणि दुसऱ्या टोकाला? सेकंदाच्याही आत सगळी मात्रा देण्याबद्दल हल्ली ऐकू येते.

---

पेन्सिल_पट्टी

त्याला फ्लॅश म्हणतात. नेहमीचे यंत्र मिनिटाला काही ग्रे देते; फ्लॅशमध्ये सेकंदाला ४० ग्रेहून अधिक. फ्रान्समधल्या गटाने २०१४ साली उंदरांवर दाखवले, की या वेगाने फुप्फुसाची इजा कमी होते आणि गाठीवरचा परिणाम तेवढाच राहतो. २०१८ साली लोझानमध्ये त्वचेच्या लिंफोमाच्या एका रुग्णाला ९० मिलिसेकंदांत १५ ग्रे देण्यात आले. इथे सांधकामाचा खुलासा लागू पडत नाही, कारण काही मिनिटे आणि काही मिलिसेकंद, दोन्ही सांधकामाच्या मानाने क्षणभरच. एवढ्या वेगात ऊतीतला प्राणवायू खर्ची पडतो ही पहिली कल्पना, पण मोजमापे पाहता ती एकटी पुरत नाही. सध्या तरी मी रुग्णांच्या नातेवाइकांना याची आशा दाखवणार नाही.

---

तिरकी_रेघ

मूळ प्रश्न राहिला. वहिनींचे १० ग्रे?

---

पेन्सिल_पट्टी

तिकडेच येत होतो. स्तनाचा कर्करोग सर्वसाधारण गाठींसारखा वागत नाही. ब्रिटनमधल्या, स्तनाच्या शेकाच्या पद्धतींची तुलना करणाऱ्या स्टार्ट चाचण्यांतून त्याचे अल्फा-बीटा १० नव्हे, तर ४च्या आसपास निघाले. म्हणजे ही गाठ स्वतःच मोठ्या तुकड्याला भिते, आणि बारीक तुकडे करून तिला उगाच सवलत देण्यात अर्थ नाही. १५ शेकांत ४० ग्रे, म्हणजे प्रत्येकी २.६७, ते २ ग्रेच्या भाषेत सुमारे ४४.५ होतात. १० ग्रेमधले साडेचार एवढ्यानेच परत आले. उरलेली तूट कागदावर दिसते, चाचणीत दिसली नाही: १० वर्षांनंतरही गाठ उलटण्याचे प्रमाण ५० ग्रेवाल्या गटापेक्षा जास्त नव्हते, आणि स्तनातले उशिराचे बदल उलट कमी होते. दोन आठवडे वाचले तेवढी पेशींना वाढायची सवडही कमी मिळाली, असे मी समजतो.

त्यापुढची फास्ट-फॉरवर्ड चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ४,०९६ रुग्ण होते, आणि १५ शेकांच्या ४० ग्रेशी ५ शेकांच्या २६ आणि २७ ग्रेची तुलना होती. ५ वर्षांत गाठ उलटण्याचे प्रमाण ४० ग्रेला २.१ टक्के, २७ला १.७ आणि २६ला १.४ होते. पण ऊतीवरचे दुष्परिणाम २६ ग्रेला ४० ग्रेसारखे राहिले आणि २७ला वाढले. एकूण १ ग्रेचा, म्हणजे दर शेकाला ०.२ ग्रेचा फरक, आणि तो ऊतीवर दिसला. भावाला मी काल हाच परिच्छेद पाठवला. त्याने उलट विचारले, "मग हिला २६ का नाही दिले?" आता त्यासाठी वहिनींची फाइल मागवली आहे.